गणितवेडी माणसं सोशल मीडियावर शोधायची कशी?

यूट्यूबवर किंवा इन्स्टावर नुसतं ‘गणित’ टाकून बघा, काय येतं? तीन सेकंदात गुणाकार, भरतीच्या परीक्षेसाठी शॉर्ट ट्रिक, ‘९९ टक्के लोक चुकतात’ असं लाल अक्षरात लिहिलेलं एखादं कोडं आणि मधेमधे क्लासच्या जाहिराती. परीक्षा तोंडावर असेल तर ट्रिकचा उपयोग होतो, त्याला माझी ना नाही, पण ज्याला गणित गणित म्हणून आवडतं, किंवा ज्याच्या घरात ‘पण असं का?’ म्हणून मागे लागणारं पोरगं आहे, त्याच्या हाती यातून फारसं काही लागत नाही. मग आपल्याला वाटायला लागतं की गणितावर मनापासून बोलणारी माणसं इथे नसतातच. असतात हो, भरपूर असतात, आणि इतकी दिलदार असतात की फुकटात तासन्‌तास समजावून सांगत बसतात. पण सर्चमध्ये ती वर येत नाहीत, एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे गेलं की सापडतात. असं का होतं ते आधी बघू कारण त्याच्यामागे पण गणितच आहे.

प्लॅटफॉर्मला एखादा व्हिडिओ बरोबर आहे की चूक, त्यातून कुणाला काही कळलं की नाही, हे मोजता येत नाही. त्याला मोजता येतं ते एवढंच की लोक किती वेळ थांबले, किती जणांनी कमेंट टाकली, किती जणांनी पुढे ढकललं. म्हणजे ज्यावर भांडण होईल ते वर जाणार. २०१९ मध्ये ८ ÷ २(२+२) हे गणित जगभर फिरलं, आठवत असेल, अर्धे लोक म्हणाले १६, अर्धे म्हणाले १. आपल्याकडे शाळेत ‘कंचेभागुबेव’ पाठ केलेलं असतं, त्या हिशोबाने कंस आधी, मग भागाकार, मग गुणाकार, म्हणजे ८ ला २ ने भागून ४ आणि त्याला ४ ने गुणून १६. ज्यांना २(२+२) हा एकसंध तुकडा वाटतो ते ८ भागिले ८ करतात आणि १ म्हणतात. आता यात गणिताचं सखोल असं काहीच नाही, लिहिणाऱ्याने अजून एक कंस टाकला असता किंवा सरळ अपूर्णांकासारखी आडवी रेघ मारली असती तर वादच उरला नसता, आणि गणित करणारी माणसं प्रत्यक्षात तसंच लिहितात. कॉर्नेल विद्यापीठातले गणितज्ञ स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी तेव्हा न्यूयॉर्क टाइम्समध्ये यावर लेख लिहिला होता. माझ्यासाठी तर ही चांगली खूण आहे. अशा भांडणात जो माणूस ‘उत्तर अमुकच’ असं ओरडत नाही, ‘प्रश्नच धड लिहिलेला नाही, आणि का नाही ते बघा’ असं सांगतो, त्याला फॉलो करायचं.

दुसरी खूण ‘का’ ची. ९६ गुणिले ९७ ची ट्रिक तुम्ही रीलमध्ये पाहिली असेल. १०० ला ४ कमी, १०० ला ३ कमी, ९६ मधून ३ काढले की ९३, आणि ४ त्रिक १२, उत्तर ९३१२. बरोबर आहे. पण का बरोबर आहे? कारण (१००–४)(१००–३) उलगडलं की १०० गुणिले (१००–४–३), अधिक ४ गुणिले ३, असं होतं, म्हणजे ९३०० अधिक १२. एवढी एक ओळ सांगितली की ती जादू राहत नाही, ती पोराची स्वतःची वस्तू होते, मग ते ८८ गुणिले ८५ ला अडत नाही. तिथे १२ आणि १५ कमी आहेत, ८८ मधून १५ गेले ७३, आणि १२ गुणिले १५ म्हणजे १८०, आता १८० दोन घरांत मावत नाहीत म्हणून ७३०० मध्ये १८० मिळवायचे, ७४८०. ज्याने फक्त ट्रिक पाहिली तो इथे ७३१८० लिहून मोकळा होतो. म्हणून नवीन कुणी दिसलं की त्याचे दोन-तीन व्हिडिओ बघा, ट्रिक कुठे चालत नाही हे तो सांगतो का ते बघा. सांगत असेल तर माणूस कामाचा.

आता शोधायचं कसं. यात एक फार मजेशीर गोष्ट आहे, १९९१ मध्ये स्कॉट फेल्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने मांडलेली, की सरासरी बघितली तर तुमच्या मित्रांना तुमच्यापेक्षा जास्त मित्र असतात. वाचायला विचित्र वाटतं पण हिशोब करून बघा. एक सर आहेत आणि चार विद्यार्थी, चौघंही सरांना ओळखतात, पण आपसात ओळख नाही. सरांच्या ओळखी ४, प्रत्येक विद्यार्थ्याची १, मिळून ८, भागिले ५ माणसं, म्हणजे सरासरी १.६. आता पाचांतला कुणीही एक उचला आणि त्याच्या ओळखीच्या एकाकडे जा. पाचपैकी चार वेळा तुम्ही सरांकडेच पोचता! त्या दुसऱ्या माणसाच्या ओळखींची सरासरी (४+४+४+४+१) भागिले ५, म्हणजे ३.४. डबलपेक्षा जास्त. जास्त ओळखी असलेला माणूस जास्त जणांच्या यादीत असतो, म्हणून कुणाच्याही यादीतून गेलं तरी तो परत परत समोर येतो, एवढं साधं कारण आहे.

फॉलोचंही तसंच चालतं. म्हणून तुम्हाला शंभर नावांची यादी लागतच नाही, एक भरवशाचं माणूस सापडलं की ते कुणाला फॉलो करतं ती यादी उघडायची, त्यातल्या एकाची यादी परत उघडायची, दोन-तीन उड्यांत तुम्ही त्या जगाच्या मध्यभागी असता. पण यात एक खोट आहे. असं फक्त पुढे पुढे जात राहिलं तर सगळे रस्ते त्याच पाच-सात बड्या चॅनलकडे जातात, आणि छोटं पण अप्रतिम काम करणारी माणसं हिशोबात येतच नाहीत. त्याला उपाय म्हणजे एक उडी वर मारली की पुढची खाली मारायची, म्हणजे बड्या माणसाच्या पोस्टखाली जाऊन कोण विचारपूर्वक उत्तरं देतंय, कुणाच्या उत्तराला तो बडा माणूस स्वतः ‘हे मला सुचलं नव्हतं’ म्हणतोय, ते बघायचं. चांगली माणसं मला तरी तिथेच जास्त दिसलीत.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर मी डोळे झाकून ग्रँट सँडरसनचं नाव घेईन, चॅनलचं नाव थ्री ब्लू वन ब्राउन, २०१५ पासून चालू आहे. या माणसाने गणिताची चित्रं हलती करण्यासाठी स्वतः पायथनमध्ये मॅनिम नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि ते सगळ्यांना फुकट देऊन टाकलं, आज कित्येक गणिताच्या चॅनलवर जी काळ्या पडद्यावर सरकणारी सुंदर समीकरणं दिसतात ती त्यातूनच येतात. इंजिनिअरिंगला मॅट्रिक्स नुसत्या घोकून पास झालेल्यांनी त्याची लिनिअर अल्जिब्राची मालिका बघावी, मॅट्रिक्स म्हणजे अख्खं प्रतल ताणणं, फिरवणं, कलतं करणं हे डोळ्यांना दिसलं की इतकी वर्षं हे कुणी सांगितलं का नाही असं होतं. आणि आपल्या मुद्द्यासाठी त्याचं अजून मोठं काम म्हणजे २०२१ मध्ये जेम्स श्लॉस यांच्याबरोबर सुरू केलेली ‘समर ऑफ मॅथ एक्सपोझिशन’ ही स्पर्धा. कुणीही गणितावर समजावणारा व्हिडिओ किंवा लेख करायचा आणि पाठवायचा. त्यातून शेकडो छोटे चॅनल एका जागी बघायला मिळतात, कॉलेजची पोरं, निवृत्त मास्तर, प्रोग्रामर. वर खाली उडी मारायला सांगितलं ना, ती इथे एका झटक्यात होते.

नंबरफाइल दुसरं. ११ नोव्हेंबर २०११ ला, म्हणजे ११-११-११ ला सुरू झालेलं. चालवणारा ब्रेडी हॅरन हा मूळचा पत्रकार, गणितज्ञ नव्हे, आणि मला तीच त्या चॅनलची ताकद वाटते, तो तपकिरी कागद समोर ठेवतो आणि तुमच्या-आमच्या मनातला प्रश्न विचारतो. जेम्स ग्राइम, हॅना फ्राय, मॅट पार्कर, होली क्रीगर, तादाशी तोकिएदा असे कितीतरी जण तिथे भेटतात आणि मग ज्याची बोलण्याची पद्धत आवडेल त्याला वेगळं गाठायचं.

पण एवढ्या चांगल्या चॅनलवरचं सुद्धा जसंच्या तसं घ्यायचं नसतं. २०१४ मध्ये त्यांनी १+२+३+४ असं अनंतापर्यंत मिळवलं तर उत्तर उणे एक बारांश (–१/१२) येतं असा व्हिडिओ टाकला आणि तो प्रचंड चालला. आपल्या रामानुजननी १९१३ मध्ये इंग्रज गणितज्ञ हार्डींना लिहिलेल्या पत्रात हे विधान होतं, त्यामुळे भारतात तर तो अजूनच फिरला. गोची अशी की शाळेत आपण ज्याला बेरीज म्हणतो त्या अर्थाने ही बेरीज येतच नाही, संख्या नुसती वाढतच जाते. उणे एक बारांश हे त्या मालिकेला वेगळ्या, जास्त व्यापक रीतीने जोडलेलं मूल्य आहे, आणि रामानुजनना ते माहीत होतं, हे वाचून हार्डी आपल्याला वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता दाखवतील अशा अर्थाचं वाक्य त्यांनी त्याच पत्रात लिहिलंय. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातले बर्कार्ड पोल्स्टर मॅथॉलॉजर नावाचं चॅनल चालवतात, त्यांनी २०१८ मध्ये या व्हिडिओतली प्रत्येक पायरी घेऊन कुठे काय गृहीत धरलंय ते शांतपणे दाखवलं. दोन्ही व्हिडिओ पाठोपाठ बघा, अनंत मालिका म्हणजे काय हे कुठल्याही एका पुस्तकापेक्षा चांगलं कळेल. एकाच विषयावर दोन माणसं फॉलो असावीत ती यासाठी.

आता शिक्षक. गणितवेडा माणूस आणि गणिताचा शिक्षक यात फरक आहे, आणि आईबाबांना किंवा शाळेत शिकवणाऱ्यांना दुसरी जात जास्त उपयोगी. गणितवेडा तुम्हाला सुंदर गणित दाखवतो, शिक्षक तुम्हाला पोराच्या डोक्यात काय चाललंय ते दाखवतो. अमेरिकेतल्या शाळाशिक्षकांचा एक मोठा गोतावळा ट्विटरवर (आताचं एक्स) तयार झाला, एम टी बी ओ एस (MTBoS, म्हणजे ‘मॅथ ट्विटर ब्लॉगोस्फिअर’) ही इंग्रजी अक्षरं हॅशटॅग म्हणून टाकलीत की तो सापडतो, डॅन मायर, फॉन विन, क्रिस्टोफर डॅनियलसन ही त्यातली नावं. डॅनियलसन ज्या प्रकारच्या प्रश्नांसाठी ओळखले जातात तो मला फार आवडतो, चार गोष्टी द्यायच्या आणि विचारायचं, यातलं वेगळं कोण? उदाहरणार्थ ९, १६, २५, ४३. आपल्या सवयीने आपण एकच उत्तर शोधतो, ४३, कारण बाकीचे वर्ग आहेत. पण ९ पण वेगळा आहे, एकअंकी तो एकटाच. १६ एकटाच सम आहे. २५ ला एकट्यालाच ५ ने भाग जातो. म्हणजे चौघंही वेगळे, आणि प्रत्येक पोराला आपलं उत्तर पटवून द्यायची संधी. वर्गात मागच्या बाकावरचं पोर सुद्धा हात वर करतं. असा प्रश्न पोस्टमध्ये दिसला, की उद्या सकाळी तो फळ्यावर लिहिता येतो, काही छापायचं नाही, काही विकत घ्यायचं नाही.

ब्रिटनमधल्या शिक्षिका कॅट्रिओना अ‍ॅग यांची भूमितीची कोडी पण याच कारणासाठी बघा. रंगीत पेनांनी हाताने काढलेली आकृती, खाली एकच प्रश्न, रंगवलेला भाग किती? खरी मेजवानी उत्तरांमध्ये असते, कुणी त्रिकोण फिरवतो, कुणी एकरूपता वापरतो, कुणी पायथागोरस लावून बीजगणिताचं अख्खं पान भरतो आणि शेवटी कुणीतरी एकच रेघ काढून सोडवतो. आणि सिडनीचे एडी वू, सरकारी शाळेतले शिक्षक, २०१२ मध्ये त्यांचा एक विद्यार्थी कॅन्सरमुळे शाळेत येऊ शकत नव्हता म्हणून त्यांनी वर्गातले तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली. ते व्हिडिओ स्टुडिओतले नाहीत, मागून पोरांचे प्रश्न ऐकू येतात, सर थांबून उत्तर देतात, शिकवायचं कसं हे त्यात दिसतं.

थोडं पुढचं गणित हवं असेल तर मॅस्टोडॉन नावाच्या नेटवर्कवर मॅथस्टोडॉन म्हणून एक सर्व्हर आहे, २०१७ पासूनचा, ख्रिश्चन लॉसन-परफेक्ट आणि कॉलिन राइट चालवतात. तिथे पोस्टमध्ये समीकरणं नीट छापल्यासारखी दिसतात, आणि पोस्ट वेळेच्या क्रमाने येतात, कुठलं वर ढकलायचं हे मशीन ठरवत नाही. २०२२ नंतर बरेच गणितज्ञ तिकडे गेले. फील्ड्स मेडल हा गणितातला फार मोठा मान मिळालेला टेरेन्स टाओ तिथे रोजच्या कामातले विचार लिहितो, आणि त्याला अनोळखी माणसं उत्तरं देतात, तो वाचतो. सगळं कळणार नाही, मलाही कळत नाही, पण एवढा मोठा माणूस अडतो कुठे आणि मग काय करतो हे बघायला मिळतं आणि ते पुस्तकात नसतं.

आणि या गप्पांतून खरंच नवं गणित निघतं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १, २, ३ हे तीन अंक सहा प्रकारे लावता येतात. हे सहाही क्रम ज्यात सलग सापडतील अशी सगळ्यात छोटी ओळ कोणती? १२३१२१३२१, नऊ अंकांची. बोट ठेवून तपासून बघा, १२३, २३१, ३१२, २१३, १३२, ३२१ सगळे आहेत. अंक वाढले की हा प्रश्न भयंकर अवघड होतो. २०११ मध्ये एका जपानी कार्टून मालिकेचे १४ भाग सगळ्या शक्य क्रमांनी बघायचे तर कमीत कमी किती भाग बघावे लागतील, असा प्रश्न फोरचॅन नावाच्या निनावी गप्पांच्या जागेवर कुणीतरी विचारला आणि दुसऱ्या कुणीतरी तिथेच सिद्धता लिहून टाकली, की ९,३८८ कोटींच्या खाली शक्यच नाही. सात वर्षं ती तशीच पडून होती. २०१८ मध्ये रॉबिन ह्यूस्टन या गणितज्ञाने त्याबद्दल ट्वीट केलं, लोकांनी तपासलं, ती बरोबर निघाली, आणि त्याच सुमारास विज्ञानकथा लिहिणाऱ्या ग्रेग ईगनने वरची मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त किती लांबीत काम नक्की होतं ती, सुधारली. पुढे त्या सिद्धतेवर रीतसर लेख लिहिला गेला तेव्हा पहिला लेखक म्हणून नाव घातलं, ‘निनावी फोरचॅन पोस्टर’.

हे वाचताना मला देवळालीचे कापरेकर गुरुजी आठवतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली वजा करा, हेच करत राहा. २०१९ घेऊ. ९२१०–०१२९=९०८१, मग ९८१०–०१८९=९६२१, मग ९६२१–१२६९=८३५२, मग ८५३२–२३५८=६१७४. आणि तिथून पुढे कायम ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत कुठलीही संख्या इथे येते. हे त्यांना १९४९ मध्ये सापडलं, पण जगाला त्यांचं नाव खऱ्या अर्थाने कळलं ते १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या गणिताच्या आपल्या सदरात लिहिलं तेव्हा. मधे २६ वर्षं. गार्डनर म्हणजे आपल्या वरच्या उदाहरणातले सर, सगळ्यांच्या यादीत असलेला माणूस. आज ६१७४ वर नंबरफाइलचा पण व्हिडिओ आहे, घरातल्या पोरांना तो दाखवताना हे गृहस्थ नाशिकचे, हे आवर्जून सांगा.

मराठीत काय आहे? पुण्याचे अरविंद गुप्ता यांच्या साइटवर टाकाऊतून खेळणी, काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबची भूमिती, शिवाय मराठीतली ढीगभर पुस्तकं फुकट आहेत. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ऑलिंपियाडचं काम बघतं, त्यांचं साहित्य बघत जा. अझीम प्रेमजी विद्यापीठाचं ‘अ‍ॅट राइट अँगल्स’ हे शाळेच्या गणितावरचं नियतकालिक इंग्रजीत आहे पण फुकट आहे आणि त्यात लिहिणारे आपल्या इथल्या शाळा ओळखतात, तिथली नावं बघून त्यांना शोधलंत तर भारतातली साखळी सुरू होते. बाकी मराठीतलं बरंचसं काम जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॅप आणि टेलिग्राम ग्रुपमध्ये होतं आणि तिथेच राहतं, बाहेरच्याला दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. विनोद, मीम, अस्मिता सगळं झालं, गणितज्ञ मंगला नारळीकर बाई त्यामागचं कारण समजावत होत्या ते फार थोड्यांनी ऐकून घेतलं. कुणाला काय पटावं ते पटो, पण असा वाद पेटला की ‘माझ्या वर्गात त्रेचाळीस म्हटलं की पोरं आधी ३ लिहितात, मग ४’ असं स्वतः पाहिलेलं लिहिणारा शिक्षक शोधायचा. मताच्या बाजूने असो की विरोधात, त्याला फॉलो करा, त्याच्याकडून पुढे खूप मिळेल.

फीडचं थोडं करावं लागतं. गणितासाठी यूट्यूबवर वेगळं प्रोफाइल केलंत तर बरं, कारण एकदा क्रिकेट आणि रेसिपी मिसळल्या की शिफारसी भरकटतात. ट्रिकवाले व्हिडिओ आले की ‘रस नाही’ दाबा, नुसतं पुढे सरकवून मशीनला नीट कळत नाही. एक्सवर लोकांनी बनवलेल्या याद्या असतात, अख्खी यादी एकदम घेता येते, ब्लूस्कायवर तेच स्टार्टर पॅक म्हणून मिळतं. पण एकदम दोनशे जण घेऊ नका, दहा-बारा घ्या आणि त्यांचं खरंच वाचा, कागद-पेन्सिल घेऊन एखादं सोडवा आणि अडलात तर विचारा. ‘समजलं नाही’ एवढंच लिहू नका, ‘तिसऱ्या पायरीत भागाकार का केला?’ असं लिहा, त्याला उत्तर येतं, बहुतेक वेळा येतंच.

आणि तुम्ही स्वतः शिकवत असाल तर ग्रुपमध्ये टाकता ते जरा बाहेर पण टाका, मराठीतच टाका. पोरांचे चेहरे नकोत, नावं नकोत, फक्त वहीचं पान, पोराने काय केलं, त्याला तुम्ही काय विचारलं आणि मग त्याने काय केलं, एवढ्या तीन ओळी आणि खाली मराठीतच ‘गणित’ हा हॅशटॅग.